हजेरीपटावरचा चार अक्षरी शेरा

इंग्रजी बोलणाऱ्या घरातले मांजर दोन दिवस फिरकले नाही, विमानतळावर सामानाची पेटी पट्ट्यावर आलीच नाही किंवा ऐन मालिकेत एखाद्या फलंदाजाची लय हरवली, तर या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द चालतो: 'एवॉल'. मांजर एवॉल, पेटी एवॉल आणि लयही एवॉल. हा शब्द जन्माने लष्करी आहे. 'अ‍ॅबसेंट विदाउट लीव्ह', म्हणजे रजा न घेता गैरहजर, या हजेरीपटावरच्या शेऱ्याची आद्याक्षरे जोडून तो तयार झाला. शिपायाच्या नावापुढे लिहिला जाणारा शेरा मांजरापर्यंत कसा पोहोचला, हा इंग्रजी भाषेच्या इतिहासातला एक गमतीदार भाग आहे. सातारा-सांगलीसारख्या घरटी सैनिक देणाऱ्या मुलखातल्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल, कारण ज्या गुन्ह्याचे हे संक्षिप्त नाव आहे तो गुन्हा, त्याची चौकशी आणि त्यापायी दारात येणारा पोलीस हे सगळे इकडच्या गावांनाही ठाऊक आहे.

आधी 'लीव्ह' या शब्दाचा उलगडा करायला हवा. इंग्रजीत निघून जाणे या अर्थाचे 'लीव्ह' हे क्रियापद वेगळे आणि रजा या अर्थाचे नाम वेगळे; दोन्ही दिसतात सारखे, पण त्यांची मुळे निराळी आहेत. नामाचा जुना अर्थ परवानगी एवढाच आहे. मराठीतल्या 'रजा' शब्दाचीही हीच कथा. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा होता. 'आता रजा घेतो' असे म्हणत उठणारा पाहुणा सुट्टी मागत नसतो, जाण्याची परवानगी मागत असतो. म्हणून लष्करी शेऱ्यातला दोष नुसत्या गैरहजेरीचा नाही. शिपाई जागेवर नाही हे अर्धे वाक्य झाले. वरिष्ठाची संमती न घेता तो जागेवर नाही, हे पूर्ण वाक्य. फौजेच्या दृष्टीने सगळे वजन दुसऱ्या अर्ध्यावर आहे.

हा भेद फार जुना आहे. रोमन कायद्याच्या संहितेत लष्करी गुन्ह्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात छावणी सोडणाऱ्या शिपायांचे दोन वर्ग केले आहेत. बरेच दिवस भटकून जो आपल्या पायांनी परत येतो तो 'एमान्सोर', आणि ज्याला धरून आणावे लागते तो 'देसेर्तोर'. पहिल्याला सौम्य शिक्षा, दुसऱ्याला कडक. इतक्या शतकांनंतरही जगातल्या बहुतेक लष्करी कायद्यांचा सांगाडा हाच आहे. इंग्लंडमध्ये १६८९ च्या म्युटिनी अ‍ॅक्टने बंड आणि पलायन या गुन्ह्यांना लष्करी न्यायालयाच्या कक्षेत आणले. त्याच परंपरेतले नियम पुढे अमेरिकेत गेले आणि कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर हिंदुस्थानातही आले.

आद्याक्षरांचा उगम कारकुनीत आहे. पलटणीचा हजेरीपट रोज भरला जाई. हजर, आजारी, रजेवर, कैदेत अशा नोंदी अरुंद रकान्यात बसवायच्या असत आणि 'रजा न घेता गैरहजर' हे लांबलचक वाक्य प्रत्येक नावापुढे लिहिणे कोणाही कारकुनाला परवडणारे नव्हते. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात या रकान्याला भलताच भाव आला. दक्षिणेकडच्या फौजेतले शिपाई मुख्यत्वे शेतकरी होते. पेरणी-कापणीचे दिवस आले किंवा घरून हलाखीचे पत्र आले की ते न विचारता घरी जात आणि पुष्कळदा काम उरकून परतही येत. अशांना फाशी देत बसले तर फौजच उरली नसती. इतिहासकार बेल वायली यांनी १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या किरकोळ गैरहजेरीच्या शिक्षा नोंदवल्या आहेत: झाडाचा खुंट खणून काढणे, जड वासा खांद्यावर घेऊन तास-दोन तास हिंडणे आणि गळ्यात ए, डब्ल्यू, ओ, एल ही अक्षरे लिहिलेली पाटी अडकवून फिरणे. ही पाटी महत्त्वाची, कारण हजेरीपटावरचा शेरा इथे पहिल्यांदा चारचौघांत आला. पाटी वाचून बाकीचे हसत असतील, तर त्या अक्षरांचा अर्थ त्यांना आधीच माहीत असणार.

या अक्षरांत एक विसंगती आहे. 'विदाउट' हा एकच शब्द असताना त्याची 'डब्ल्यू' आणि 'ओ' अशी दोन अक्षरे घेतली गेली. ही बोच घालवण्यासाठी नंतर 'अधिकृत' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द मधे घुसवून 'अधिकृत रजेविना गैरहजर' अशी फोड सांगितली जाऊ लागली. ती मागाहून जुळवलेली आहे. ऑस्ट्रेलियन आणि भारतीय लष्करांनी 'ओ' वगळून 'एडब्ल्यूएल' असे तीनच अक्षरांचे रूप वापरले. ऑस्ट्रेलियन शिपायांनी तर संदेशवहनात 'ए' साठी वापरल्या जाणाऱ्या 'अ‍ॅक'ला 'डब्ल्यू'साठी 'विली' जोडून 'अ‍ॅक-विली' असे लाडके नाव पाडले. ते त्यांच्या देशाबाहेर पोहोचले नाही. अमेरिकन रूप मात्र जगभर गेले, आणि त्या अनाठायी 'ओ'चाच त्यात मोठा वाटा आहे. त्या स्वरामुळे चार अक्षरे जोडून उच्चारता येतात. 'एडब्ल्यूएल' कितीही वेळा म्हटले तरी त्याचा शब्द होत नाही.

जोडून उच्चारण्याची सवय लगेच लागली नाही. अमेरिकन इंग्रजीचे अभ्यासक एच. एल. मेंकेन यांच्या नोंदींनुसार पहिल्या महायुद्धापर्यंत ही अक्षरे सुटी म्हटली जात. 'एवॉल' हा उच्चार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रुळला. मात्र ही सुटी अक्षरे पहिल्या महायुद्धातच घराघरांत पोहोचली होती. १९१७ साली अमेरिकेने सक्तीची भरती सुरू केली आणि सुमारे २८ लाख तरुणांना या मार्गाने गणवेश चढवला. तोवर अमेरिकेची कायम फौज लहान होती आणि तिची बोली तिच्या बराकींपुरती होती. युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये अडकून पडलेले हे तरुण घरी जायला उतावीळ झाले होते. त्यांना आवरण्यासाठी चार्ल्स बॉवर्स यांनी 'ए.डब्ल्यू.ओ.एल.' नावाचा एक छोटा चलतचित्रपट काढला. त्यात 'एवॉल' ही एक मोटारवाली तरुणी आहे. ती कंटाळलेल्या शिपायाला फिरायला नेते, गाडी भरधाव सोडते, आणि त्याचे साथीदार मायदेशी निघतात तेव्हा तो कोठडीत बसलेला असतो. गुन्ह्याला स्त्रीरूप देण्याची ही तऱ्हा आज खटकेल. पण शब्दाच्या वाटचालीत हा टप्पा मोलाचा आहे, कारण इथे नियमपुस्तकातला शेरा एका पात्राचे नाव झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत १ कोटी ६० लाखांहून अधिक माणसे होती, आणि त्यांतली सुमारे १ कोटी सक्तीने भरती झालेली. हीच वर्षे आद्याक्षरी शब्दांच्या सुगीची होती. 'रडार' हे नाव अमेरिकन नौदलाने १९४० साली ठेवले आणि आता मराठीत 'रडारवर येणे' असा वाक्प्रचारही रूढ झाला, तरी त्यामागे इंग्रजी शब्दांची मालिका दडलेली आहे याची कोणाला आठवण नसते. युद्ध संपल्यावर ही कोट्यवधी माणसे कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत परतली. त्यांच्या तोंडात 'एवॉल' होता. कामावर दांडी मारणारा सहकारी एवॉल झाला, घरातून पसार झालेला मुलगा एवॉल झाला, आणि मग निर्जीव वस्तूंचाही नंबर लागला. लहान पगारी फौजेची बोली फौजेतच राहते. सगळा समाजच गणवेश चढवून परत येतो तेव्हा ती स्वयंपाकघरापर्यंत येते. 'एवॉल'च्या प्रसाराचे मुख्य कारण हे आहे. उच्चाराची सोय दुय्यम.

तरी एक प्रश्न उरतो. 'डेझर्टर', म्हणजे फौजेतून पळालेला, हा शब्दही त्याच माणसांच्या तोंडी होता. तो पेट्यांना किंवा मांजरांना का लावला गेला नाही? कारण त्या शब्दात निकाल आहे. पहिल्या महायुद्धात पलायन, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश फौजेने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना २००६ च्या कायद्याने मरणोत्तर माफी मिळाली. अमेरिकेने जानेवारी १९४५ मध्ये एडी स्लोविक या शिपायाला पलायनासाठी मृत्युदंड दिला. यादवी युद्धानंतर अमेरिकेत या गुन्ह्यासाठी अशी शिक्षा झालेला तो एकटाच. इतके रक्त लागलेला शब्द हलका होत नाही. 'एवॉल' मात्र केवळ नोंद आहे. माणूस जागेवर नाही, विचारून गेलेला नाही, एवढेच ती सांगते. कुठे गेला, का गेला, परत येणार का, याबद्दल अवाक्षर काढत नाही. हे मोकळे अंतर विनोदाला फार सोयीचे ठरले. इंग्रजीत न सांगता निघून जाण्याला 'फ्रेंच लीव्ह' असाही अठराव्या शतकापासूनचा प्रयोग आहे. फ्रेंच लोक तीच सवय इंग्रजांच्या माथी मारतात, तेव्हा त्या दोघांत निवाडा न केलेला बरा.

भारतीय लष्करात ही नोंद कशी होते ते पाहण्याजोगे आहे. आजचा आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या मे महिन्यातला, आणि योगायोग असा की अमेरिकेची एकत्रित लष्करी न्यायसंहिताही त्याच महिन्यात मंजूर झाली. भारतीय कायद्याचे कलम ३८ पलायनाचे आणि कलम ३९ रजेविना गैरहजेरीचे. कलम ३९ वाटते त्यापेक्षा बरेच रुंद आहे. न विचारता निघून जाणे त्यात येतेच. पुरेशा कारणाशिवाय रजा संपल्यावर उशिरा येणेही येते. फौजेच्या रोजच्या भाषेत त्याला 'ओएसएल' म्हणतात. रजेवर असताना आपली तुकडी युद्धसेवेवर निघाल्याचे अधिकृतपणे कळूनही तातडीने न परतणे, कवायतीला वेळेवर न पोहोचणे, पासाशिवाय छावणीच्या हद्दीबाहेर सापडणे हेही येते. शेवटचे पोटकलम तर शाळकरी वाटावे असे आहे: ज्या वर्गाला बसण्याचा हुकूम झाला आहे तिथे दांडी मारणे. या सगळ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पलायनाची शिक्षा युद्धसेवेवर असताना मृत्युदंडापर्यंत आणि एरवी सात वर्षांपर्यंत जाते. पळालेल्याला जाणूनबुजून आसरा देणाराही गुन्हेगार ठरतो.

गैरहजेरी मोजण्याचा हिशेबही कायद्याने बांधून दिला आहे. सलग सहा तासांहून कमी वेळ नसलेल्या माणसाचा दिवस सहसा बुडत नाही. गैरहजेरी बारा तासांवर गेली, तर ती ज्या ज्या दिवसाला शिवली तो पूर्ण दिवस धरता येतो, आणि त्या दिवसांचे वेतन-भत्ते कापले जातात. बहुतेक प्रकरणे लष्करी न्यायालयापर्यंत जातच नाहीत. तुकडीचा कमांडिंग ऑफिसर सुनावणी घेतो आणि २८ दिवसांपर्यंतची लष्करी कोठडी, जादा पहारा किंवा १४ दिवसांच्या पगारापर्यंतचा दंड देऊन विषय मिटवतो. गंभीर शिक्षांची नोंद शिपायाच्या कागदावर लाल शाईने होते. चार लाल नोंदी झाल्या की नोकरीवर गदा येते, असे फौजेत सर्रास मानले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका निकालात सांगितले की नोंदी मोजून यांत्रिकपणे कोणाला घरी पाठवता येत नाही. आधी चौकशी व्हायला हवी आणि शिपायाच्या एकूण सेवेचाही विचार व्हायला हवा.

तीस दिवस ही खरी सीमारेषा. तोवर शिपाई आला नाही, तर कलम १०६ प्रमाणे चौकशी न्यायालय बसते. ते शपथेवर पुरावे घेते, त्याच्याकडे असलेल्या सरकारी सामानात काय कमी आहे ते तपासते आणि गैरहजेरी नोंदवते. त्यानंतरही तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर कायदा त्याला पळालेला समजतो. अमेरिकन फौजही साधारण तीसच दिवसांनी गैरहजर माणसाला कागदोपत्री पळालेला मानते. पण कागदावर पळालेला ठरणे आणि पलायनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परत न येण्याचा किंवा एखादी विशिष्ट जबाबदारी टाळण्याचा इरादा सिद्ध झाल्याशिवाय पलायन होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केले आहे. रोमन संहितेतला भेद इथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच की रोमनांनी माणूस कसा परतला यावरून त्याची जात ठरवली, तर आजचे न्यायालय त्याच्या मनात काय होते ते शोधते.

या कागदी साखळीचे शेवटचे टोक गावात येते. तुकडी गैरहजर शिपायाच्या घरी पत्र पाठवते आणि मुलकी अधिकाऱ्यांकडे त्याच्या वर्णनाचा, पत्त्याचा कागद रवाना करते. त्याला 'अ‍ॅप्रिहेन्शन रोल' म्हणतात. अशा शिपायाला पोलीस पकडून लष्कराच्या हवाली करू शकतात. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे उदाहरण घ्या; इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर) हे त्याचे ठाणे. कृष्णा-वारणेच्या मधल्या या पट्ट्यातल्या भरतीचा कारभार कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयातून चालतो, तर मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. ही रेजिमेंट १७६८ साली मुंबईत उभारलेल्या पलटणीपासून आपले वय मोजते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेला शरण जावे लागले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ सैनिक त्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा बसला. देशातली पहिली सैनिक शाळाही २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली.

अशा मुलखात रजा ही सार्वजनिक बाब असते. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, आणि तिच्यात पेरणी, उसाची तोड, घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न, भाऊबंदकीची तारीख असे सगळे बसवावे लागते. 'काय मेजर, कधी आला?' या प्रश्नाने त्याचे स्वागत होते. हुद्दा शिपाई असो वा नाईक, पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात फौजी माणूस 'मेजर'च. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: 'सुट्टी किती?' या प्रश्नाचे उत्तर गावाला पाठ असते, त्यामुळे रजा संपून चार दिवस उलटले तरी मेजर पारावर दिसले की कुजबुज सुरू होते. रजा वाढवून घेण्यासाठी आजारपणाची तार करण्याचा जुना मार्ग होता. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि ते काम मोबाइलवर आले. कारण खरे असेल तर रजा वाढतेही. जो न कळवता राहतो त्याच्यासाठी फौजेतला हिंदी शब्द 'भगोडा', आणि गावातही तोच चालतो. त्यात दया नाही. इंग्रजीतला खेळकर 'एवॉल' आणि हा 'भगोडा' यांच्यात अंतर पडते ते इथे. सक्तीने भरती झालेल्याने कंटाळून दांडी मारली, तर त्याच्या गावाला हसू येते. जिथे भरतीसाठी पोरे पहाटे रस्त्यावर पळण्याचा सराव करतात आणि एका जागेसाठी शेकडो रांगेत उभी असतात, तिथे मिळालेली नोकरी सोडून पळालेल्याची थट्टा करायला जीभ वळत नाही. भारतीयांवर कायद्याने सक्तीची भरती कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांची भारतीय फौज उभी राहिली तीही स्वेच्छेने नाव नोंदवलेल्यांची. त्यामुळे फौजेची बोली ठराविक जिल्ह्यांत दाट आणि बाकी ठिकाणी विरळ राहिली.

मराठीने फौजेकडून काही घेतलेच नाही असे मात्र नाही. उलट, घेतले ते इतके मुरले आहे की ओळखू येत नाही. 'मोर्चा' म्हणजे तोफेमागचा खंदक. आज तो इस्लामपूरच्या तहसील कचेरीवर जातो. 'आघाडी' सैन्याची होती, ती निवडणुकीत गेली. शिंद्यांच्या कवायती फौजेचे 'कंपू' होते, आता ते साहित्यिकांचे आणि राजकारण्यांचे असतात. 'छावणी' दुष्काळात जत-आटपाडीकडच्या जनावरांसाठी उघडते. आणि 'मस्टर', ज्या हजेरीपटावर 'एवॉल'चा जन्म झाला तोच, रोजगार हमीच्या कामावर रोज भरला जातो. चढाईचे, तळाचे, रसदीचे शब्द मराठीने फौजेतून उचलले; गैरहजेरीचे मात्र शेतातून, कचेरीतून आणि खेळातून आले. मजुराचा 'खाडा' पडतो आणि त्याची मजुरी कापली जाते. दूधवाल्याचा 'नागा' होतो. विद्यार्थी 'दांडी' मारतो. 'पोबारा' हा मुळात सोंगट्यांतल्या फाशांचा डाव. या शब्दांनी जागा इतकी भरून ठेवली होती की बाहेरून आलेल्या आद्याक्षरांना शिरकाव मिळाला नाही.

गैरहजेरीचाच आणखी एक शब्द 'फरारी'; त्याला वाळव्यात काही वर्षे वेगळाच मान मिळाला. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपुरात मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यानंतर जुन्या सातारा जिल्ह्यातली स्वातंत्र्यचळवळ भूमिगत झाली. आजचा सांगली जिल्हा तेव्हा मोठ्या प्रमाणात साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या चळवळीचे नेते, येडेमच्छिंद्रचे नाना पाटील पूर्वी तलाठी होते. १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरीवर पाणी सोडले होते. आता ते सरकारी यादीत फरारी झाले आणि १९४६ पर्यंत हाती लागले नाहीत. कुंडलच्या जी. डी. लाडांची तुफान सेना, वाळव्याचे नागनाथ नायकवडी आणि त्यांचे साथीदार यांनाही सरकारच्या लेखी हाच शेरा होता. गावांच्या लेखी तो सन्मान ठरला. फरारी माणसाला भाकरी देणे, वस्तीवर झोपवणे आणि पोलीस आले की काहीच माहीत नसल्याचा चेहरा करणे हे घराघराचे काम झाले. गैरहजेरीचा सरकारी शब्द लोकांनी उलटा करून छातीवर मिरवावा, अशी उदाहरणे फार नाहीत. स्वातंत्र्यानंतर तो शब्द पुन्हा गुन्हेगारांकडे गेला.

लष्करी रजेचे दोन शब्द मात्र मराठीत थेट आले, आणि तेही तुरुंगाच्या दारातून. 'फर्लो' हा मुळात डच शब्द. सतराव्या शतकात तो इंग्रजी फौजेत शिपायाच्या रजेसाठी आला. 'पॅरोल' हा फ्रेंच, अर्थ वचन: युद्धकैदी पुन्हा शस्त्र न धरण्याचा किंवा ठरल्या दिवशी परतण्याचा शब्द देई आणि त्यावर सुटे. ब्रिटनमध्ये २०२० च्या साथीत कामगारांना घरी बसवून सरकारने पगाराचा वाटा उचलला तेव्हा 'फर्लो' तिथे पुन्हा घरोघरी बोलला गेला. महाराष्ट्रात त्याची ओळख १९५९ च्या तुरुंग नियमांमुळे झाली. सरकारी मराठीत फर्लोला 'संचित रजा' आणि पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. वर्तमानपत्रे दोन्ही नावे वापरतात. 'संचित रजेवर गेलेला कैदी फरार' हा मथळा मराठी वाचकाला चांगला परिचित आहे, आणि अर्थाने पाहिले तर मराठीतला 'एवॉल' तोच. साथीच्या काळात गर्दी कमी करण्यासाठी तातडीच्या पॅरोलवर सोडलेले काही कैदी मुदत संपल्यावर परतले नाहीत, तेव्हा तशाच अर्थाचे मथळे ठिकठिकाणी छापून आले. या दोन रजांत कायद्याने एक फरक ठेवला आहे. संचित रजा चांगल्या वर्तणुकीने कमावलेली असते, म्हणून तिचे दिवस भोगलेल्या शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा घरातला मृत्यू किंवा गंभीर आजार अशा निमित्ताने मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. तितके दिवस कैद्याला नंतर आत काढावे लागतात. मुदतीत न परतणाऱ्याला दोन्हीकडे भुर्दंड बसतो: शिक्षेत मिळालेली सूट कापली जाते आणि पुढच्या रजेचा अर्ज अडतो.